नऊ रेघा

१

जुनी चांदी समोर आली की वाल्मिक ती लगेच हातात घेत नसे. आधी लांबून बघे. चांदी कशी काळी पडली आहे यावरून त्याला अर्धी हकिकत कळायची. रोजच्या वापरातली असेल तर तिचे काठ उजळ आणि नक्षीच्या खाचा काळ्या. कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली असेल तर अंगावर घड्यांचे पट्टे. आणि बंद घरात नुसतीच पडून राहिलेली असेल तर सगळीकडून सारखी, पिकल्या जांभळाच्या रंगाची. हे बघून झालं की मग भिंग, मग ठसे, मग काटा.

मूळचा तो शिरपूरकडचा. लिंबायतला मावसभावाच्या खोलीत राहून लूम चालवायला सुरतेत आला, पण वर्षभरात त्या खटखटीने कान गेल्यासारखे झाले आणि तो चौटा बाजारातल्या एका चांदीवाल्याकडे पॉलिशच्या कामाला लागला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने त्याला विलायती ठसे वाचायला शिकवलं. चालता सिंह दिसला तर चांदी खरी, शेजारच्या अक्षरावरून साल, नाहीतर नुसता मुलामा. इंग्रजी पाटी त्याला वाचता येत नसे, पण चमच्याच्या पाठीवरचा ठसा तो घडाघडा वाचायचा. चाळिशीला टेकला तोवर जुन्या घरांतले जेवणाचे सेट, तलवारी, बंदुका विकायला निघाल्या की पारख करायला दुकानदार त्यालाच पाठवू लागले.

पंच्याण्णवच्या मार्चात भाईदासशेठचा निरोप आला. अठवालाइन्सच्या बाजूला त्यांचा बंगला होता. घराणं दोंडाईच्याकडचं, पण तीन पिढ्या सुरतेत गेलेल्या. आजोबांनी मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाचं सगळं जेवणघर लिलावात उचललं होतं. आता बंगला पाडायला द्यायचा होता.

"दिवाळीपासून बंद आहे घर," भाईदासशेठ चाव्यांचा जुडगा काढत म्हणाले. "आम्ही फ्लॅटवर राहतो. चावी माझ्याशिवाय कुणाकडं नाही. धूळ फार आहे, नाकाला रुमाल लाव."

जेवणघर बंगल्याच्या मागच्या अंगाला होतं. जाड सागवानी दार, त्याला बाहेरून हातभर लांब लोखंडी कडी. आत मोठं टेबल, पलीकडे स्वयंपाकघर आणि मोरी, खिडक्यांना गज. टेबलावर बोटभर धूळ होती. झुंबराला जाळी लोंबत होती. भाईदासशेठनी भिंतीतलं कपाट उघडलं आणि वाल्मिक जागीच थांबला.

चांदी पांढरीशुभ्र होती. बारा-बारा चमचे, काटे, सुऱ्या, मधोमध झाकणाचं सूपचं मोठं भांडं. सगळं नुकतं घासून ठेवल्यासारखं लखलखत होतं.

"शेठ, पॉलिश कुणी केलं?"

"कोण करणार? सांगितलं ना, बंद होतं."

वाल्मिकने एक चमचा नाकाशी धरला. चिंच आणि ओल्या राखेचा वास आला.

२

असं होत नाही, हे त्याला माहीत होतं. पण घरमालकाला खोटं पाडायला तो आला नव्हता. शेठची बायको येऊन गेली असेल. चांगला भाव यावा म्हणून शेठनीच घासून घेतली असेल आणि सांगायची लाज वाटत असेल. लोक असं करतात.

तरी संध्याकाळी निघताना त्याने एक गोष्ट केली. पिशवीत गंधकाच्या पाण्याची बाटली होती. घासून गुळगुळीत झालेल्या नक्षीत काळोखी भरायला ती लागायची. तिच्यातले थेंब त्याने सहा चमच्यांवर चोळले. चमचे डोळ्यांदेखत काळे ठिक्कर पडले. ते कपाटात ठेवून त्याने दार लावलं. कडी शेठनी घातली, वर कुलूप ठोकलं.

दुसऱ्या दिवशी अकराला त्याच कुलपाची चावी शेठनी त्याच्यासमोर फिरवली. कपाटातले सहाही चमचे पांढरे होते. एकाच्या खोलगट भागात पाण्याचा थेंब थरथरत होता.

वाल्मिकने तो थेंब रुमालाने टिपला. भाईदासशेठ पुढच्या हॉलमध्ये पेपर वाचत बसले. तो टेबलाचा एक कोपरा पुसून, भिंग डोळ्याला लावून कामाला लागला. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातून आवाज आला. टण्. टण्. टण्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा तीनदा. धातूवर धातू आपटल्याचा, घाई नसलेला आवाज.

तो उठून गेला. स्वयंपाकघर रिकामं होतं. नळ फिरवून पाहिला, कोरडा. खिडकीबाहेर मागची भिंत आणि तिच्यापलीकडे एका बंद बंगल्याची पाठ. पण गजांवर, कमरेच्या उंचीला, हिरवा रंग खरवडून निघाला होता आणि खालच्या लोखंडावर काहीतरी पांढरं चमकत होतं. सवयीने त्याने ते नखाने खरवडलं, कसोटीच्या दगडावर घासलं, तेजाबाचा थेंब सोडला, वर मिठाचं पाणी टाकलं. थेंब दुधासारखा पांढरा झाला.

चांदीच होती. कुणीतरी चांदीचा चमचा या गजावर आपटला होता. एकदा-दोनदा नाही, लोखंडाला चांदीचा लेप बसेपर्यंत.

३

त्यानंतर वाल्मिक चांदीकडे वेगळ्या नजरेने बघू लागला.

फळं कापायच्या सुऱ्या त्याने ओळीने मांडल्या. मुठी चांदीच्या, पण चांदी पातळ पत्र्याची, आत राळ भरलेली, पाती पोलादी. बारापैकी आठ पात्यांची टोकं झिजून अंगठ्यासारखी बोथट झाली होती. फळं कापून सुरीची धार जाते, टोक जात नाही. एका सुरीची मूठ सांध्यावर फुटली होती आणि राळेत लाकडाचे तंतू अडकले होते. त्याने चिमट्याने एक ओढून काढला. तांबूस, तेलकट. सागवान.

तो दाराकडे गेला. आतल्या बाजूने, कडीच्या बरोबर मागे, वीतभर जागेवर रंग नवा होता. बोट फिरवलं तर खाली लाकडाची लांबी भरून बुजवलेले खड्डे लागले.

मग त्याने सूपचं भांडं उचललं. बाहेरून आरसा. झाकण काढून उजेडाकडे धरलं तर आतल्या अंगाला फिकट रेघा होत्या. एकाखाली एक, गोल. वाल्मिकचं लहानपण उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरीवर गेलं होतं. पाणी एका उंचीवर दिवसभर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी थोडं खाली गेलं की अशी रेघ पडते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. वरच्या रेघा दोन-दोन बोटं अंतरावर होत्या. खाली जाताना त्या जवळ येत गेल्या होत्या. शेवटच्या तिन्हींमध्ये तर केसाएवढीच फट होती.

त्याने मोजल्या. नऊ.

भांडं खाली ठेवून तो खिडकीशी गेला. खिडकीवर बाहेरून पत्र्याची पन्हळ होती. गजांना टेकवून हे भांडं धरलं तर तिच्यावरून आत उडणारी पावसाची धार त्यात येईल. सप्टेंबरअखेरचा पाऊस.

४

"शेठ," हॉलमध्ये येऊन त्याने विचारलं, "सप्टेंबरात, प्लेगच्या वेळी, या घरात कोण होतं?"

भाईदासशेठनी पेपर खाली केला. "तू कुठं होतास?"

"पळालो. बायकोला घेऊन, ट्रकच्या टपावर बसून गावी."

"मग? सगळेच पळाले. आम्ही एका गाडीत दहा माणसं कोंबून नाशिक गाठलं. कमल तेवढी राहिली. आमची भांडीवाली, नवागामची. पंचवीस वर्षं होती. ही चांदी सगळी तीच घासायची."

"राहिली, का ठेवली?"

"तू पोलीस आहेस का रे?" पण शेठ हसले. त्यांना सांगायला आवडत होतं असं दिसलं. "सगळी गल्ली ओस पडलेली. कुणी दार फोडलं असतं तर? तिला म्हटलं, जेवणघरात राहा, दोन दिवसांची तर गोष्ट आहे. पीठ होतं, तांदूळ होते. बाहेरून कडी घातली ती तिच्याच भल्यासाठी. बाहेर हिंडली असती तर आजार नसता का लागला?"

"आणि?"

"आम्हाला यायला अठरा दिवस लागले. तोवर आजारानंच गेली होती. म्युनिसिपालिटीचे गाडीवाले आले, घेऊन गेले. त्या दिवसांत कोण कुणाला विचारत होतं?"

"कोंडलेल्या घरात आजार कुठून आला?"

"हवेतून येतो तो."

"आणि पाणी?"

"वर टाकी आहे ना."

टाकी भरणाऱ्या मोटरचं बटण हॉलच्या भिंतीवर होतं, शेठच्या डोक्यामागे. वाल्मिक त्याच्याकडे बघत राहिला. शेठनी पुन्हा पेपर उघडला. पाइप फुटून गालिचा खराब झाल्याची हकिकत सांगावी, तसं त्यांनी ते सगळं सांगितलं होतं.

त्या रात्री वाल्मिक जेवला नाही. बायकोने, रंजनाने, दोनदा विचारलं. त्याने पोटाचं कारण सांगितलं. खरं तर त्याचे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की घास आत जात नव्हता.

५

तिसऱ्या दिवशी एकच वस्तू बघायची उरली होती. जेवणघराच्या भिंतीवर टांगलेली दुनळी बंदूक.

त्याने ती उतरवली, बिजागरीवर मोडून नळ्या मोकळ्या केल्या, उजेडाकडे धरून आत पाहिलं. दोन्ही रिकाम्या. बाहेरून नळ्यांवर लाटांची सुरेख नक्षी होती, पाण्यावर तेल पसरल्यासारखी. ती नक्षी कोरलेली नसते. लोखंडाच्या पट्ट्या पीळ देऊन, गुंडाळून, ठोकून तशी नळी करायचे, जुन्या काळ्या दारूच्या जमान्यात. त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने हे फार निक्षून सांगितलं होतं: नळीवर लाटा दिसल्या की मालकाशी बोलायचं पहिलं वाक्य एकच. ही झाडायची नाही. आजच्या काडतुसाचा जोर तिला सोसत नाही, धरलेल्या हातातच फुटते. त्यात ही नळी आतून गंजाने खाल्लेली होती. खड्ड्यांत नख बसत होतं.

भाईदासशेठ मागे येऊन उभे राहिले. "कशी काय आहे? चालते ना अजून? खालच्या खणात काडतुसंही आहेत, गेल्याच वर्षी आणलेली."

वाल्मिकने बंदूक जोडली. वीस वर्षांत त्याने वस्तूबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. भाव कमी-जास्त सांगितला असेल, वस्तूबद्दल नाही.

"चांगली आहे, शेठ," तो म्हणाला. "एकदम चांगली."

बोलल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. संध्याकाळी यादीत खरं लिहू, असं त्याने स्वतःला समजावलं. कोण झाडणार आहे? वजनाचा काटा व्हरांड्यात राहिला होता, तो आणायला तो बाहेर पडला. शेठ बंदूक खांद्याला लावून खिडकीबाहेर नेम धरत होते.

६

पाचसहा पावलं गेला असेल, तोच मागे दार लागलं. वाऱ्याने आपटतं तसं नाही. घरातली बाई भरल्या हाताने कोपराने लोटते तसं, अलगद. मग कडी वाजली.

वाल्मिक वळला. बोळात कुणी नव्हतं. कडी खाली बसलेली होती आणि तिच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता.

"वाल्मिक!" आतून भाईदासशेठचा आवाज आला. "मस्करी पुरे. कडी काढ."

"आलो शेठ."

तो धावतच गेला. कडीवर हात ठेवला. ती ओली होती आणि माठाच्या बुडासारखी गार. नुसती वर उचलायची होती.

तेव्हा त्याच्या उजव्या कानाशी, अगदी जवळून, दबक्या आवाजात कुणीतरी बोललं. त्याच्या गावच्या बोलीत, जी त्या बंगल्यात त्याने तोवर ऐकली नव्हती.

"ऱ्हाऊ दे, भाऊ. दोन दिननी तं गोट शे."

वाल्मिकने मागे वळून पाहिलं नाही. हात कडीवरून आपोआप खाली आला.

आत शेठनी आधी शिव्या दिल्या. मग दारावर लाथा मारल्या. मग बक्षीस देऊ म्हणाले. मग एकदम गप्प झाले. त्या शांततेत नळाला धार लागल्याचा आवाज वाल्मिकने स्पष्ट ऐकला. मोटर बंद होती. टाकी कोरडी होती.

"वाल्मिक," शेठ आता दाराला तोंड लावून, लहान आवाजात बोलत होते. "आत कुणीतरी आहे रे. मोरीत आहे. काढ बाबा कडी."

वाल्मिक भिंतीला पाठ लावून उभा होता.

"सरक! सरक मागं! बोल ना काहीतरी! नुसतं तोंड काय उघडतेस!"

खण ओढल्याचा आवाज आला. काडतुसं फरशीवर घरंगळली. बंदूक मोडली, जोडली. झाडू नका, एवढे दोनच शब्द होते. ते वाल्मिकच्या जिभेवर आलेही. त्याला वेळ होता. हे त्याने पुढे कधी स्वतःपासून लपवलं नाही, एक श्वास घेऊन ओरडण्याइतका वेळ होता. त्याने ते दोन शब्द दातांमागे धरून ठेवले.

आवाज बंदुकीसारखा झालाच नाही. मोठ्या पातेल्याचं झाकण उडून फुटावं तसा झाला.

७

कडी एका बोटाने उघडली.

धूर खाली बसत होता. भाईदासशेठ टेबलाच्या पायाशी आडवे पडले होते, दोन्ही हात गळ्याशी नेलेले. वाल्मिकने त्यांच्याकडे पाहिलं ते नंतर. आधी त्याची नजर मोरीकडे गेली, कारण तिकडे हालचाल होती.

पाठमोरी एक बाई नळाखाली वाकली होती. हिरवट लुगडं, काष्टा, मानेवर सुटलेले पांढरे केस. ती ओंजळीने पाणी पीत होती. तिला घाई नव्हती. ओंजळ भरायची, तोंडाशी न्यायची, पुन्हा भरायची. मागे काय झालं याची तिला काही पडलेली दिसत नव्हती. तिचे खांदे प्रत्येक घोटाला वर-खाली होत होते, आणि वाल्मिकला वाटलं, हिचं पिणं संपणार नाही.

धुराचा लोट मध्ये आला. तो विरला तेव्हा मोरी रिकामी होती. नळ कोरडा होता.

रिक्षात घालून त्याने शेठना दवाखान्यात नेलं. नळीचा पत्रा गळ्यात घुसला होता. ते दोन दिवस जगले आणि दोन्ही दिवस शुद्धीत होते. बोलता येत नव्हतं, म्हणून अंगठ्याने ओठांकडे खूण करत राहिले. पण जखम गळ्याची, त्यामुळे डॉक्टरांनी पाण्याचा थेंबही लावू दिला नाही. बायकोने ओला कापूस ओठांवरून फिरवायला मागितला, तर नर्सने तोही हातातून काढून घेतला.

पंचनाम्यात जुनी बंदूक फुटून अपघात असं लिहिलं गेलं. फौजदार साहेबांनी वाल्मिकला विचारलं, "ही धोक्याची आहे हे तू त्यांना सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं," वाल्मिक म्हणाला आणि त्याने सही केली.

८

महिनाभराने, रविवारी दुपारी, तो नवागामला गेला. विचारत विचारत कमलच्या बहिणीचं घर सापडलं. उषाबाई दारातच बसून साडीवर टिकल्या चिकटवत होती. पन्नाशीची, वाळकी बाई. वाल्मिकने आपण शिरपूरकडचे म्हणून ओळख दिली, तेव्हा तिने बसायला पोतं टाकलं.

त्याने तिला सगळं सांगितलं. गजांवरची चांदी, सुऱ्यांची टोकं, भांड्यातल्या नऊ रेघा. पोलिसांना सांगितलं नव्हतं ते बंदुकीचंही सांगितलं. उषाबाईचा हात चालू होता. डिंकाचा ठिपका, टिकली, अंगठ्याने दाब. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती.

"मरताना त्यानी पानी मांगं का?" तिने विचारलं.

"दोन दिवस मागत होता."

"भेटनं?"

"नाही."

"बेस झायं," उषाबाई म्हणाली आणि पुढची टिकली उचलली.

वाल्मिकला एकदम हलकं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा छातीवरचं कुणीतरी उठलं. म्हणून ज्याच्यासाठी तो खरा आला होता, तेही त्याने बोलून टाकलं.

"मी दार उघडणार होतो, बाई. खोटं नाही सांगत. कडीला हात लावला होता. पण तिनंच मला थांबवलं. कानाशी येऊन म्हणाली, ऱ्हाऊ दे भाऊ, दोन दिननी तं गोट शे. अगदी आपल्या बोलीत."

उषाबाईचा हात थांबला.

"कोन म्हने?"

"तुमची बहीण. कमलबाई."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मनी बहीण जलमनी मुकी व्हती, भाऊ," ती म्हणाली. "म्हनीसन तं तिलेच ठेई गया तो. वरडाले तोंडच नव्हतं तिले."

वाल्मिकने नुसतं तोंड उघडलं.

उषाबाईने त्याच्या पायाजवळ पसरलेला साडीचा पदर हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"मंग तुले कोनी सांगं?"